साडेपाच इंची डिस्कवर २३५ चा टायर: कोल्हापूर, गगनबावडा, दाजीपूर आणि परत

बुधवार, कोल्हापूर (निघायच्या आदला दिवस)

माझी गाडी जिम्नी, झेटा मॉडेल, म्हणजे लोखंडी डिस्कवाली (डिस्क म्हणजे टायर ज्यावर चढवतात ते धातूचं चाक). कंपनीतून तिला १९५/८० आर१५ टायर येतो, म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या ८० टक्के आणि आत पंधरा इंची डिस्क, आणि ती डिस्क साडेपाच इंच रुंदीची. मावसभावाने त्याची जुनी बोलेरो विकली तेव्हा तिचे चार टायर काढून ठेवले होते, २३५/७५ आर१५, ऑल टेरेन, जाड ठोकळ्यांचे, फार चाललेले पण नाहीत. त्याच्या गाडीला त्याने सात इंची डिस्क घातलेली, ती गाडीबरोबर गेली आणि टायर राहिले. दिवाळीत भेटला तेव्हा म्हणाला, "घिऊन जा की भावा, नुसतं पडून हाईत, तुझ्या गाडीला नाद खुळा दिसतील." आणि मला ते टायर खरंच मनापासून आवडले, खोटं कशाला बोलू. पंधरा इंच म्हणजे पंधरा इंच, बसणार, एवढाच हिशोब मी केला.

उद्यमनगरात टायरवाल्याकडं सकाळीच गेलो. त्याने आधी डिस्क पालथी करून तिच्या कडेला कोरलेलं बघितलं, मग टायर बघितला, मग माझ्याकडं. "बसतोय की मालक, पर डिस्क बारीक हाय. टायर प्वाट काढणार." मग भिंतीवरचा चार्ट दाखवला. २३५/७५ आर१५ ला डिस्क किमान सहा इंच, जास्तीत जास्त आठ. आपली साडेपाच. ३१ बाय १०.५० चा (इंचांत, उंची आणि रुंदी) जो टायर सगळ्यांना हवा असतो त्याला तर किमान सात लागते. २१५/७५ आर१५ मात्र साडेपाचपासून सातपर्यंत चालतो. म्हणाला, "२१५ घ्या, डोळं झाकून बसवतो." मी म्हटलं अर्ध्याच इंचाचा प्रश्न आहे, बसवा. चूक इथंच झाली, आणि ती त्याची नाही, माझी. त्याने दोनदा सांगितलं होतं.

मला वाटलेलं अरुंद डिस्कवर रुंद टायर चढवायला त्रास होईल, तर उलटंच. टायरच्या दोन्ही कडा आधीच डिस्कला घासून बसलेल्या, त्यामुळं हवा लगेच धरली आणि चाळीस पीएसआयच्या आतच फट्‌ फट्‌ करून दोन्ही बाजू जागेवर. (कडा बसवताना चाळीसच्या वर जायचं नाही, बऱ्याच टायरवर तसं छापलेलंच असतं, आणि टायरवाला ते पाळत होता, बरं वाटलं.) पण हवा भरून झाल्यावर बाजूनं बघितलं तर टायर घागरीसारखा दिसत होता, डिस्कपाशी आवळलेला आणि मधे फुगलेला. बॅलन्सिंगला वजनंही बरीच लागली. सहज म्हणून काट्यावर ठेवलं, चाकासकट चोवीस किलो, आणि जुनं चाक एकोणीसच्या आत. चार चाकांचे वीसेक किलो वाढले, तेही स्प्रिंगच्या खालचे, म्हणजे सगळ्यात वाईट जागी.

स्टेपनी तशीच ठेवली, १९५ ची. टायर चारच होते ना. हे लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

दिवस पहिला, गुरुवार: कोल्हापूर ते गगनबावडा

आम्ही तिघं, मी, ही आणि माझा धाकटा भाऊ. मिसळ खाऊन रंकाळ्यावरून फुलेवाडीमार्गे निघालो तेव्हा साडेनऊ झालेले. ऊसतोड सुरू झालेली, त्यामुळं बालिंग्याच्या पुलापासूनच ट्रॅक्टर आणि मागं दोन दोन ट्रॉल्या, त्यातून ऊस बाहेर लोंबतोय, ओव्हरटेक करायला जागा मिळाली की पटकन काढायची नाहीतर कळ्यापर्यंत मागंच. तर पहिला ट्रॅक्टर ओव्हरटेक केला आणि स्टेअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर तशीच, मग एकदम गेली, मग परत सरळ केल्यावर पुन्हा एक हेलकावा. ही म्हणाली, "अहो, गाडी बोटीसारखी का हलतीय?" मी म्हटलं नवीन टायर आहेत, बसतील. पण मला कळलेलं. साठच्या वर गेलं की ते जास्तच जाणवायचं.

साळवणला चहाला थांबलो आणि तिथंच शेजारच्या दुकानातून खडू घेतले, शाळेतले साधे पांढरे. ही युक्ती मला मावसभावानंच मागं कधीतरी शिकवलेली, फार सोपी आहे आणि कुणीही करावी. टायरच्या जमिनीवर टेकणाऱ्या भागावर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ मारायची, सपाट डांबरावर सरळ शंभर-दीडशे मीटर गाडी चालवायची, उतरून बघायचं. रेघ सगळीकडं सारखी पुसली म्हणजे हवा बरोबर. मधेच पुसली म्हणजे हवा जास्त, कडांनाच पुसली म्हणजे कमी. टायरवाल्याने बत्तीस भरून दिलेली. आमची रेघ मधली चार बोटं पुसली आणि दोन्ही कडांना जशीच्या तशी, जणू कडा जमिनीला लागल्याच नाहीत. आणि खरंच लागल्या नव्हत्या.

याचं कारण मी चाक हातानं चाचपून भावाला दाखवलं. टायरच्या दोन बाजूच्या भिंती डिस्कपाशी एकमेकींच्या जवळ ओढलेल्या आहेत, त्यामुळं त्या खाली सरळ उतरत नाहीत, तिरक्या बाहेर जाऊन परत आत येतात, आणि त्यांच्या ओढीनं वरचा सपाट भाग कमानीसारखा होतो. म्हणजे वागवायचा सगळ्या रुंदीचा टायर आणि रस्त्यावर टेकतो मधला पट्टा. तो पट्टा लवकर झिजणार आणि पावसात ब्रेक लावला की पकड तेवढ्याचीच.

मग हवा कमी करत गेलो, अठ्ठावीस, मग सव्वीस, मग चोवीस. छोटा गेज जवळ होता, प्रत्येक वेळी नवीन रेघ. चोवीसला रेघ जवळजवळ पूर्ण पुसली. भाऊ खूश झाला, म्हणाला, "झालं की दादा, जमलं." पण चोवीसवर असळजच्या पुढची वळणं घेतली आणि गाडी इतकी डुलायला लागली की हिनं वरचं हँडल धरलं ते सोडलंच नाही. खरी अडचण ही आहे. अरुंद डिस्कवर टायर सपाट टेकवायचा तर हवा कमी करायला लागते, हवा कमी केली की त्या फुगलेल्या भिंती वळणावर लवतात, आणि लवता लवता तापतात. वाढवली तर स्टेअरिंग जरा ताठ पण मधला पट्टाच टेकतो. सव्वीसवर ठेवली शेवटी. दोन्हीकडचं थोडं थोडं वाईट.

गगनबावड्याला पोचलो दीडला. कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटर असेल नसेल, पण खडूच्या नादात चार तासांतला बराच वेळ रस्त्याकडेला बसून गेला. संध्याकाळी गगनगडावर चढलो, वरून एका बाजूला आपला घाटमाथा आणि दुसऱ्या बाजूला कोकण खाली सोडून दिल्यासारखं. नोव्हेंबरातही वारा असा की कान दुखले. रात्री झुणका-भाकरी, खर्डा, आणि लवकर झोप.

दिवस दुसरा, शुक्रवार: भुईबावडा घाट, वैभववाडी, फोंडा घाट, दाजीपूर

गगनबावड्यातून खाली कोकणात उतरायला दोन घाट, करूळ आणि भुईबावडा. आम्ही भुईबावड्यानं उतरलो, रस्ता अरुंद, वळणं जवळ जवळ, गर्दी कमी. इथं मला दुसरी गोष्ट कळली जी कालपर्यंत डोक्यात आली नव्हती, ती म्हणजे उंची. १९५/८० ची उंची ६९३ मिलिमीटर येते, १९५ चे ८० टक्के दोनदा आणि त्यात पंधरा इंचाचे ३८१. तसंच २३५/७५ ची येते ७३३. चाळीसचा फरक, म्हणजे गाडी वीस मिलिमीटर वर उचलली, २१० चा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर, २३० झाला. छान वाटतं ऐकायला. पण चाक साधारण पावणेसहा टक्क्यांनी मोठं झालं म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांब झाला. घाट उतरताना नेहमी दुसऱ्या गिअरवर गाडी इंजिनच धरून ठेवते, ब्रेकला पाय लावायला लागत नाही, आणि काल-परवापर्यंत ती तशीच धरायची. आता दुसऱ्यावर ती सुटत होती. थोडीच, पण सुटत होती, आणि सारखा ब्रेक. जड चाक, मोठं चाक, दोन्ही थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट. अर्ध्या घाटात एकदा थांबून वास घेतला चाकाचा, ठीक होतं, पण मी मुद्दाम पाच मिनिटं थांबलो.

वैभववाडीत ऊन आणि दमटपणा, स्वेटर काढून मागं टाकले. सुरमई आणि सोलकढी जेवलो, ही म्हणाली, "इथंच राहू या की." फोंड्याकडं जाताना सपाट रस्त्यावर भावानं मोबाईलवर जीपीएस लावून बघितलं, मीटर ऐंशी दाखवत होता आणि खरा वेग त्र्याऐंशी. कंपनीचा मीटर मुळात थोडा जास्तच दाखवतो म्हणून फरक कमी दिसला, नाहीतर पंच्याऐंशीच्या जवळ गेला असता. किलोमीटरही कमी मोजले जातात, त्यामुळं ॲव्हरेज काढताना फसगत होते.

फोंडा घाट चढताना जिथं तिसरा सहज चालायचा तिथं दुसरा टाकायला लागला. आणि एका आखूड वळणावर समोरून एसटी आली, मी मागं घेताना स्टेअरिंग पूर्ण फिरवलं तर खालून घस्स असा आवाज. उतरून टॉर्चनं बघितलं तर टायरची आतली बाजू पुढच्या ॲक्सलच्या आर्मला घासून काळी रेघ उठलेली. डिस्क तीच, ऑफसेट (डिस्क किती आत-बाहेर बसते ते) तोच, आणि टायर दोन्ही बाजूंना फुगलेला, म्हणजे बाहेर जेवढा तेवढाच आतही. स्टेअरिंगच्या स्टॉपला वॉशर घालून हे टाळता येतं पण मग गाडी वळायला जास्त जागा मागते, आणि घाटात तीच तर नसते.

दाजीपूरच्या अलीकडं अंधार पडता पडता रस्त्याच्या कडेला गवा उभा. एकटाच, थोराड. पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. मी इंजिन बंद केलं, तो दोन मिनिटं बघत राहिला आणि मग झाडीत गेला, फांद्या मोडायचा आवाज बराच वेळ येत होता. त्या दोन मिनिटांत टायर, डिस्क काहीच डोक्यात नव्हतं.

दिवस तिसरा, शनिवार: दाजीपूरचं जंगल आणि फाटलेला टायर

जंगलात आपली गाडी न नेता तिथलीच जीप केली. जुनी महिंद्रा, वय माझ्याएवढं असेल. आणि तिचे टायर बघून मी चाट पडलो. ६.०० - १६, बारीक, उंच, सायकलचे वाटावेत असे, आणि डिस्कही तशीच बारीक. चालवणारे मामा साठीच्या पुढचे. मी माझ्या टायरची सगळी कथा सांगितली तर म्हणाले, "रुंद टायर चिखलावर तरंगतोय. ह्यो बारीक चिखल कापून खाली कडक जिमिनीला टेकतोय, मग वढतोय." मी मनात हिशोब केला, त्यांच्या टायरची उंची माझ्या २३५ च्या जवळपास तेवढीच. रुंदी मात्र दीडशे-एकशेसाठ मिलिमीटरची. म्हणजे दगडावरून पोट वाचवायला जी उंची लागते ती त्यांना बारीक डिस्कवरच मिळाली होती, आणि टायर डिस्कला जुळलेला होता. रेतीत, समुद्राच्या वाळूत रुंद टायर लागतो हे खरं, पण आपल्याकडं जांभा, मुरूम, खाली दगड आणि वर दोन बोटं चिखल. इथं बारीक उंच टायरनं लोकांनी अख्खं आयुष्य काढलंय.

सावराई सड्यापर्यंत गेलो. गव्यांचा कळप लांबून दिसला, शेकरू अगदी डोक्यावर. हे अभयारण्य १९५८ सालचं, आधी गव्यांसाठीच राखलेलं, आणि २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. मामांनी अख्ख्या वाटेत एकदाही गाडी घसरू दिली नाही.

दुपारी आमची गाडी काढली. धरणाच्या पाण्याकडं उतरणारी एक बैलगाडीची वाट होती, गावातल्या माणसाला विचारून घेतलं, जावा म्हणाला. हवा अठरावर आणली, फोर लो टाकला, म्हणजे चारही चाकांना ताकद आणि गिअर सगळ्यात हळू. आणि इथं मला त्या टायरचं कौतुकही करायलाच हवं. अठरावर तो सुंदर चालला. दगडाला मिठी मारल्यासारखा बसायचा, धक्के गायब. अरुंद डिस्कवर कमी हवेत कड सुटायची भीतीही कमी असते कारण भिंती बाहेरच्या बाजूला ढकलतात, आणि डिस्क फुगवट्याच्या आत लपल्यामुळं तिला एक ओरखडा आला नाही. पुष्कळ लोक मुद्दाम असं बसवतात ते यासाठीच, आणि नुसत्या कच्च्या रस्त्यावर हळू चालणाऱ्या गाडीला मी नाही म्हणणार नाही.

पण डिस्क वाचते म्हणजे दगड कुणाला लागतो? भिंतीला. परत चढताना डावीकडं जांभ्याची धारदार कड होती, मागचं चाक तिला घासून गेलं आणि हवा जायचा आवाज इतका मोठा की भाऊ मागून ओरडला. भिंतीत अंगठ्याएवढी चीर. तिथं रबर पातळ असतं, ठोकळे नसतात, आणि फुगवट्यामुळं सगळ्यात बाहेर तोच भाग.

स्टेपनी १९५ ची. चाळीस मिलिमीटरनं बुटकी. मी ती मागं लावणारच होतो, तेवढ्यात भाऊ म्हणाला, "थांब दादा, टू एचला, म्हणजे टू व्हील ड्राइव्हला, ताकद मागच्या चाकांना जाते. मागं एक लहान एक मोठं लावलं तर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा डिफरन्शियल घरापर्यंत फिरतच राहणार." बरोबर होतं त्याचं. मग पुढचं डावं चाक काढून मागं लावलं आणि पुढं डाव्या बाजूला स्टेपनी. दोनदा जॅक, उतारावर, चाकांखाली दगड, ही टॉर्च धरून उभी, दीड तास. आणि फोर व्हील आता बंद, कारण पुढची-मागची चाकं सारखी फिरणार नाहीत, पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येईल. म्हणजे जिथं फोर बाय फोर लागतो तिथं तोच वापरता येईना. उरलेली चढण नशिबानं कोरडी होती. दोन हातांनी स्टेअरिंग उजवीकडं धरून ठेवत वर आलो कारण गाडी सारखी डावीकडं ओढत होती, आणि डॅशबोर्डवर ईएसपीचा, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा मधेच लुकलुकायचा.

ही त्या रात्री काही बोलली नाही. जेवताना एवढंच म्हणाली, "पोरं बरोबर असती तर?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दिवस चौथा, रविवार: राधानगरी, राशिवडे, कोल्हापूर

ताशी चाळीसच्या वर जायचं नाही असं ठरवून निघालो. राधानगरीत पंक्चरवाल्यानं चीर बघितल्या बघितल्या मान हलवली, भिंतीला पॅच टिकत नाही, कुणी मारून दिला तरी घेऊ नका म्हणाला. धरणावर थांबलो, शाहू महाराजांचा हा तलाव, सात स्वयंचलित दरवाजे बंद, पाणी शांत, आणि तिथं चाळीस मिनिटं आम्ही कुणीच घाई केली नाही.

राशिवड्यात आत्याकडं जेवण. तिच्याकडं गुऱ्हाळ चालू होतं, गरम काकवी भाकरीबरोबर. आत्याच्या ट्रॅक्टरचं मोठं चाक बघत मी तिथंच बसून राहिलो, टायर आणि डिस्क कशी एका रेषेत उतरते, कुठं पोट नाही, कुठं आवळलेलं नाही. आत्याचा मुलगा म्हणाला, "काय बघालाईस रं एवढं?" मी म्हटलं, जुळलंय तेवढं बघतोय.

घरी येऊन पहिलं काम, चाक काढून फाटलेल्या टायरचा जोडीदार पट्टीनं मोजला. फुगवट्याच्या जागी रुंदी भरली २२५ च्या आसपास. चार्टातली २३५ ही रुंदी साडेसहा इंची डिस्कवर मोजलेली असते, आणि डिस्क अर्ध्या इंचानं कमी झाली की टायर साधारण पाच मिलिमीटरनं आवळतो. माझी एक इंचानं कमी. म्हणजे वजन २३५ चं, जाडी २३५ ची, आणि पुढं रुंदीही पूर्ण नाही. शिवाय कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या साईजबाहेरचा टायर म्हटल्यावर काही झालं तर इन्शुरन्सवाला त्यावर बोट ठेवू शकतो, याचा विचारही मी आधी केला नव्हता.

मावसभावाला फोन करून सांगितलं. त्याला टायरचं वाईट वाटलं नाही, म्हणाला, "तुमी तिघं नीट आलासा न्हवं, मग सोड." उरलेले तीन त्याच्याकडं परत गेले.

सोमवारी परत उद्यमनगर. टायरवाल्यानं "मी म्हणलो होतो" असं एका शब्दानं ऐकवलं नाही. २१५/७५ आर१५, पाच नग, पाचवा स्टेपनीला. उंची ७०३, म्हणजे कंपनीच्या टायरपेक्षा दहाच मिलिमीटर जास्त, क्लिअरन्सला पाच. दिसायला साधे. दुकानाबाहेरच्या रस्त्यावर खिशातला उरलेला खडू काढला, रेघ मारली, कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. अठ्ठावीसवर डावी कड पुसली, उजवी पुसली, मधलीही पुसली. टायरवाला वाकून बघत होता, म्हणाला, "दोन पीएसआय कमी करून परत एकदा मारा की." खडू एकच तुकडा उरलेला, तो त्याला दिला आणि तो गेज आणायला आत गेला.